जेद्दाच्या जर्स्या

दम्माम, १६ ऑगस्ट १९९०

गफूर, अस्सलामु अलैकुम.

पाकिटावर मुद्दाम माझं नाव घातलेलं नाही. आमच्या युनिव्हर्सिटीचा शिक्का मारून घेतला, म्हणजे कामाचा कागद समजून तू उघडशील. उघडलाच आहेस तर आता वाच.

आणि आहे ते कामाचंच. तुमच्या पोरांच्या जर्स्या धुऊन, इस्त्री करून माझ्या खोलीत कपाटावर ठेवल्या आहेत. मार्चमध्ये आमची टीम तुमच्या मैदानावर हरली, म्हणून रिवाजाप्रमाणे त्या माझ्याकडे आल्या. जानेवारीत तुमची टीम इकडे येणार आणि तू त्या घेऊन जाणार, असं ठरलेलं होतं. त्यात हे कुवेतचं निघालं. इराकचं सैन्य तिथे शिरल्यापासून इथे दिवसभर विमानं उतरतात. कुवेत इथून काही तासांच्या रस्त्यावर. आमचा सुदानी कोच म्हणतो, "मॅच होणार, इन्शाअल्लाह." पण तो ते खाली बघून म्हणतो. तुमच्याकडे काय म्हणतात ते कळव. कपडे फार दिवस ठेवले की घडीवर पिवळे पडतात, म्हणून विचारतो. दुसरं काही नाही.

काल त्या जर्स्या उन्हात घालताना पहिली मॅच आठवली. तू ती पाहिलेली नाहीस. कितीदा सांगायला घेतली, पण तू मध्येच तोडतोस. पत्रात तोडता येणार नाही.

पंचाहत्तर साल होतं. मैदानावर गवताची काडी नव्हती, वाळूवर तेल मारून जमीन बसवलेली. चुना वेळेवर आला नाही, म्हणून मी मेसमधून मैद्याची गोणी उचलली आणि रेषा मैद्याने मारल्या. वाळवंटातल्या कुठल्या तरी बद्दूच्या शेळ्या आल्या आणि दोन कॉर्नर चाटून गेल्या. तुमचे म्हणाले, कॉर्नरच नाही तर कॉर्नर किक कसली? तिथे जे भांडण लागलं ते पंधरा वर्षं चाललं आहे. तुमची मुलं जेद्दाच्या व्यापाऱ्यांची, आमची तेलाचं शिक्षण घेणारी. तुमचे ओरडायचे, "तेल प्या!" आमचे ओरडायचे, "कापड मोजा!" आम्ही तीन गोलांनी हरलो. तुमच्या कॅप्टनने घामाची जर्सी काढून आमच्या कॅप्टनच्या तोंडावर टाकली, म्हणाला, "धुऊन दे." आता डोकी फुटणार असं मला वाटलं. पण आमचा कॅप्टन हसला. म्हणाला, "सगळ्यांच्या दे. पुढच्या साली माझ्या तू धुशील."

त्याने स्वतः एक मोजा धुतला. बाकीचं मी.

तेव्हापासून हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या जर्स्या धुवायच्या, पुढच्या मॅचपर्यंत जपायच्या आणि हातात द्यायच्या. घेणाऱ्याने एकेक उघडून बघायची आणि देणाऱ्याला चहा पाजायचा. रेक्टर बदलले, कोच बदलले, मैदानावर गवत आलं, पण हे कोणी बदललं नाही. पुढच्या साली तुमची टीम हरली, तेव्हा तुमच्या धोबीखान्यात कोण नवा लागला होता? तू. मीच पाठवलेल्या व्हिसावर आलेला. पहिल्याच वर्षी आमच्या निळ्या जर्सीला तू तुमच्या मेंदी रंगाचा डाग पाडलास आणि म्हणालास, हा असाच होता.

माझा शारीक मजेत आहे. त्याच कंपनीत आहे.

तब्येत सांभाळ.

इसहाक


दम्माम, १२ ऑक्टोबर १९९०

गफूर,

उत्तर आलं नाही. पोस्ट तपासून सोडतात असं ऐकतो. मराठी वाचणारा त्यांना कुठून मिळणार, म्हणून पत्र पडून राहिलं असेल. हे मिळालं तर ते मिळालं नाही असं तरी कळव.

आमच्याकडे निम्मे विद्यार्थी निघून गेले. रस्त्यावर अमेरिकेच्या लष्कराच्या गाड्या. प्रॅक्टिसला कधी नऊ पोरं येतात, कधी सात. कोच मला गोलमध्ये उभा राहायला सांगतो. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. बॉल माझ्या बाजूने जातो आणि पोरं म्हणतात, "शाबाश इसहाक, त्याला वाट दिलीस." तेवढंच हसतात बिचारी.

आज जुम्मा. नमाजानंतर शारीक आला होता. रेडिओ लावून बसलो होतो, तर त्याने बटण फिरवलं.

"बाबा, हे ऐकून ऐकून तुम्हीच लढाई सुरू कराल."

"तू टँकर घेऊन जातोस तरी कुठे, ते सांग."

"पाणी नाही तिथे. असतं तिथे मला कोण बोलावतो?"

"म्हणजे कुठे?"

"वर."

"वर म्हणजे?"

"आकाशात नाही, घाबरू नका. थोडं उत्तरेला."

थोडं उत्तरेला म्हणजे किती, ते सांगितलं नाही. डाळभात खाल्ला, माझ्या बनियनला टाके घातले आणि गेला. म्हणून मनात आलं, तुझ्या ओळखीत जेद्दाला ड्रायव्हर लागत असतील. तुझ्या व्हिसाचा मालक, तो कफील, भला माणूस आहे. सहज विचारून ठेव. लगेच हवं असं नाही.

तू म्हणशील, कुठल्या तोंडाने विचारतोस? मार्चमधलं मी विसरलेलो नाही. मॅच झाली, तू सगळ्यांना जेवायला बसवलंस, आणि तुझ्या सहरच्या आणि शारीकच्या निकाहची तारीख काढलीस. शारीक चारचौघांत म्हणाला की ती मला बहिणीसारखी आहे, माझ्याने होणार नाही. तू दस्तरखान उचललास. आमचे हात अजून ताटात होते. गफूर, सत्तावीस वर्षांच्या मुलाचं तोंड मी दाबून धरणार होतो का? ठरवलं होतं आपल्या आईने, दोघं पाळण्यात असताना. त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि सहरलाही नव्हतं. बरं, त्याने एकांतात सांगायला हवं होतं, हे मी त्याला बसमध्येच बोललो. तो म्हणाला, "एकांतात चाचाने मला बोलू दिलं असतं का?" नसतंच दिलं.

सहरचं आता दापोलीकडे जमलं असं बाणकोटहून कळलं. मुलगा मास्तर आहे म्हणे. फार बरं झालं. आम्हाला आमंत्रण नको, माझी दुआ तेवढी तिला पोचव.

त्र्याऐंशी सालची मॅच आठवते? शेवटच्या मिनिटाला धुळीचं वादळ उठलं, तुमच्या पोराने बॉल मारला आणि तो कोणालाच दिसला नाही. वादळ बसलं तेव्हा बॉल जाळ्याच्या मागे. तुमचे म्हणाले गोल, आमचे म्हणाले वारा. रेफ्रीने रडकुंडीला येऊन गोल दिला. तू मला त्या वर्षभर वारा म्हणत होतास. "काय वारा, जर्स्या वाळल्या का?" आणि दुसऱ्या वर्षी मी त्या जर्स्यांच्या गठ्ठ्यात तुझ्यासाठी सुके बोंबील घातले, तर तुमची सगळी टीम बोंबलाचा वास घेत खेळली. तुमच्या कॅप्टनने फिर्याद केली. तू त्याला सांगितलंस की हा पूर्वेकडचा साबण आहे.

असं सगळं आहे. ड्रायव्हरचं विचार.

इसहाक


दम्माम, ५ डिसेंबर १९९०

गफूर,

आता आडपडदा ठेवत नाही. शारीक खफजीला आहे. कुवेतच्या हद्दीला लागून ते गाव. तिथे आणि त्याच्या आसपास सैन्याचे तळ आहेत, त्यांना पाणी पोचवण्याचा ठेका त्याच्या कंपनीने घेतला. तो ऑगस्टपासूनच तिथे आहे. मी तुला मजेत आहे असं लिहिलं होतं. तो स्वतः तसंच म्हणतो. म्हणतो, समुद्र छान आहे, बाबा, बाणकोटसारखा वास येतो. कंपनीचं नाव आणि पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे. खफजीच्या वाटेवर जुबैललाही त्यांचं ऑफिस आहे.

पासपोर्ट कंपनीकडे. काम सोडतो म्हटलं तर सोडत नाहीत. मी त्यांच्या दम्मामच्या ऑफिसात गेलो होतो. तिथला मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला, "लढाई होणार नाही." मी म्हणालो, "होणार नाही तर त्याला खाली आणा." तो म्हणाला, "होणार नाही तर खाली कशाला आणायचं?" मी बाहेर आलो.

आणखी एक. तुझ्या भाभीला मी कळवलं आहे की शारीक जेद्दाला तुझ्याकडे राहतो. बाणकोटला रेडिओवर खफजीचं नाव ऐकलं तर ती अंथरूण धरील. तिची छाती आधीच नाजूक. तू तिला पत्र लिहितोस की नाही ठाऊक नाही. लिहिलंस तर मला खोटं पाडू नकोस.

आता जे सांगतो ते नीट वाच. मॅच होणार आहे. पण इकडे नाही, तुमच्याकडे. तुमच्या पोरांचे आईबाप त्यांना इकडे पाठवायला तयार नाहीत आणि मोठे लोक म्हणतात की दरवर्षीची गोष्ट आहे, मोडायची नाही. अकरा जानेवारी, जुम्मा. इराकला दिलेली मुदत पंधराला संपते. म्हणजे त्याच्या आधी.

कफीलाच्या कागदाशिवाय आपल्याला एका शहरातून दुसऱ्या शहरात जाता येत नाही, हे तुला सांगायला नको. पण टीमच्या बसचा एकच कागद असतो आणि त्यावर सगळ्यांची नावं. धुणाऱ्याचं नाव सगळ्यात खाली. मी कोचच्या हातापाया पडून त्या जागी शारीकचं नाव घालायला लावलं आहे.

कोच म्हणाला, "तू नसलास तर आमचे बूट कोण बघणार?"

"शारीक बघेल."

"त्याला येतं?"

"त्याला काही येत नाही, म्हणून तर पाठवतो आहे."

शारीक कंपनीतून बाप आजारी आहे असं सांगून चार दिवसांची सुट्टी घेईल. एकदा तुझ्याकडे आला की त्याला परत पाठवू नकोस. लढाई निवळेपर्यंत ठेव. कफील बदलायचं, पासपोर्टचं, ते मागून बघू. त्याच्याशी बोललं पाहिजेस असं नाही. धोबीखान्यात झोपेल. तो कपडे वाळत घालू शकतो.

मला या वयात काय होणार आहे? मी इथे बरा आहे.

इसहाक


दम्माम, ९ जानेवारी १९९१

गफूर,

बस आज सकाळी सुटली. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तो तुझ्यापाशी असेल.

कालपर्यंत तो नाही म्हणत होता. "चाचा मला दारात उभं करणार नाही, बाबा. त्याचं बरोबर आहे."

मी म्हणालो, "तू दारात जाणारच नाहीस. तू मैदानावर जाणार, जर्स्या घेऊन. जर्स्या आणणाऱ्याला गफूर परत पाठवू शकत नाही. त्याला त्या एकेक उघडून बघाव्या लागतात, चहा द्यावा लागतो. पंधरा वर्षांत हे मोडलेलं नाही. तेवढा वेळ तुला मिळतो. तेवढ्यात बोलायचं."

"काय बोलू?"

"म्हणायचं, चाचा, मला ठेवून घे."

तो बसच्या टायरकडे बघत राहिला. हवा कमी आहे का बघत असेल, ड्रायव्हरची जात.

"म्हणशील ना?"

"बघतो."

"बघतो नाही. म्हण."

"बाबा, बस सुटेल."

मी तुमच्या जर्स्यांना पुन्हा इस्त्री केली. एकाही घडीवर डाग नाही. मॅच हरलो जिंकलो तरी या वर्षी मला फरक पडत नाही, हे कोचला सांगू नकोस. बस वळेपर्यंत उभा होतो. त्याने खिडकीतून हात केला नाही, पण त्याच्या मांडीवर गठ्ठा होता, दोन्ही हात त्यावर होते.

आज खोलीत आल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवलो. तुझे उपकार मी तोंडाने बोलून दाखवत नाही, तू चिडशील.

इसहाक


दम्माम, २० जानेवारी १९९१

गफूर,

टीम गेल्या आठवड्यात परत आली. शारीक पण त्याच बसने परत आला.

मी बसच्या दारात उभा होतो, पोरं एकेक उतरत होती, आणि शेवटी तो. बुटांची पिशवी खांद्यावर. मला वाटलं, तू नव्हतास, आजारी होतास, सुट्टीवर गेला होतास. तो म्हणाला, "नाही, चाचा होता."

मग मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. तू गठ्ठा घेतलास. सोडलास. एकेक जर्सी उघडून, पाठपोट फिरवून बघितलीस. बाह्या बघितल्यास. "बरोबर आहे," म्हणालास. त्याला बाकावर बसवून चहा दिलास, वेलची घातलेला. तो पीत होता तेवढा वेळ समोर उभा राहिलास. कप रिकामा झाला तसा घेतलास, विसळलास आणि आत गेलास.

"आणि तू बोलला नाहीस?"

"नाही."

"मी काय सांगितलं होतं?"

"बाबा, त्याने सगळं केलं. तुम्ही सांगितलं होतं तसं सगळं. मग मी आणखी काय मागू?"

गफूर, मी इतकी वर्षं त्या रिवाजावर भरवसा ठेवला. मला वाटलं, एकदा बाकावर बसवावं लागलं की माणूस आपोआप विचारील, कसा आहेस, कुठे असतोस. तू रिवाज पाळलास, त्यात काडीची कसर ठेवली नाहीस, आणि विचारलं नाहीस. तुला माझी पत्रं मिळाली होती का? मिळाली असूनही असं केलंस, की मिळालीच नाहीत? यातलं काय मला बरं वाटेल तेही मला कळत नाही.

मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली. आजवर कधी सुटली नव्हती. दोन्ही कॅप्टन मैदानात उभे राहून विचारत होते की आता धुवायच्या कोणी? कोणीच नाही, असं ठरलं. आपापले कपडे आपण धुवायचे. म्हणजे पुढच्या मॅचपर्यंत ना माझ्याकडे तुझं काही, ना तुझ्याकडे माझं.

शारीक दुसऱ्याच दिवशी खफजीला गेला. सुट्टी संपली होती आणि पासपोर्ट त्यांच्याकडे. मी बसस्टँडवर त्याची पिशवी धरून ठेवली, अक्षरशः धरून ठेवली. त्याने एकेक बोट सोडवलं. "लोक बघतात, बाबा."

सतराला लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी खफजीवर तोफगोळे पडले असं रेडिओने सांगितलं. गावातले लोक खाली निघून आले. सैन्य नाही आलं, आणि सैन्याला पाणी लागतं.

इथेही क्षेपणास्त्रं येतात. भोंगा वाजला की आम्ही मेसच्या जिन्याखाली बसतो. गॅसचे मास्क आमच्या वाट्याला आले नाहीत. ओला टॉवेल तोंडाला बांधा म्हणाले. मी बांधतो, पण मला त्यात श्वास घेता येत नाही, मग काढतो.

तुला शिव्या लिहायला बसलो होतो. लिहिता येत नाहीत. मास्तरांनी चौथीपर्यंत शिकवल्या नव्हत्या.

इसहाक


दम्माम, ३१ जानेवारी १९९१

गफूर,

परवापासून खफजी इराकच्या ताब्यात होतं. आज परत घेतलं असं सांगतात. शारीकचा पत्ता नाही.

कंपनीचा फोन लागत नाही. दम्मामच्या ऑफिसला कुलूप. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, मुदीर रियाधला गेला. काही ड्रायव्हर जखमी होऊन जुबैलला आणले असं एक टँकरवाला म्हणाला. नावं त्याला ठाऊक नाहीत. मी विचारलं, उंच होता का कोणी, डाव्या भुवईवर खूण असलेला? तो म्हणाला, "बाबा, सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती."

मी जुबैलला पायी निघालो होतो. नाक्यावरच्या शिपायाने थांबवलं. "कागद?" कागद नाही म्हटलं. त्याने मला पाणी दिलं आणि परत फिरवलं. युनिव्हर्सिटीत कागद देणारा साहेब नाही. त्याच्या जागेवरचा म्हणतो, बुक्रा. उद्या. उद्या जुम्मा आहे, गफूर, ऑफिस बंद.

कोच माझ्याबरोबर बसून राहतो. मैदानावर लष्कराने तंबू ठोकले आहेत. खिळे गवतात रुतवले.

तुझ्यावर राग नाही. आता कशावरच राहिलेला नाही. तुझ्या हातून काही होत असेल तर कर. तू कायम माझ्यापेक्षा हुशार, तुझी लोकांशी ओळख लवकर होते, तू कागदाशिवाय नाक्यावरून पार होतोस. माझ्याने काही होत नाही. मी सकाळी उठतो, वुजू करतो, नमाज पढतो आणि त्या दुकानदाराला विचारून येतो.

तुझ्या भाभीचं पत्र आलं. विचारते, जेद्दाला थंडी आहे का, शारीकला रजई दिलीस का.

इसहाक


दम्माम, १७ फेब्रुवारी १९९१

गफूर,

कागद मिळाला आणि काल मी जुबैलला जाऊन आलो.

कंपनीचा दवाखाना म्हणजे एका गोदामात मांडलेल्या खाटा. दारात टेबल टाकून हैदराबादकडचा नसरुद्दीन नावाचा कारकून बसतो. मी म्हणालो, शारीक, बाणकोटचा, टँकर चालवणारा. त्याने मान वर न करता सांगितलं, "गया."

मी टेबल धरलं. त्याने बघितलं आणि घाईघाईने म्हणाला, "अरे मरा नहीं, चाचा! घर गया. छुट्टी हो गई."

मग त्याने मला स्टुलावर बसवून सांगितलं. टँकरजवळ गोळा पडला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि एका कानाने ऐकू येत नाही. लढाईचा मुलूख म्हणून बापाशिवाय कोणाच्या ताब्यात देत नव्हते. पण बाप आला होता. जेद्दाहून. दोन दिवस याच स्टुलावर बसून होता, उठायला तयार नाही. डॉक्टरच्या मागे, मुदीरच्या मागे, शेवटी कंपनीच्या कफीलाकडून सही आणली आणि घेऊन गेला.

"बाप?" मी विचारलं.

"हां. इसहाक. लड़के के इकामे पर भी बाप का वही नाम है. कहता था अपना इकामा जेद्दा में कफील के पास रह गया. बहुत रोता था, तो साहब ने जाने दिया."

गफूर, मी त्या स्टुलावरून उठलो. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला.

"आप कौन?"

माझा इकामा, राहण्याचा परवाना, वरच्या खिशात होता. काढून टेबलावर ठेवला असता तर एका मिनिटात ठरलं असतं की इसहाक कोण. आणि मग ते तुला शोधत जेद्दाला आले असते. खोटं नाव सांगून लढाईच्या मुलखातून माणूस नेला, याला काय शिक्षा असते ते मला ठाऊक नाही, तुला असेल. आणि त्याला पुन्हा आणून त्या गोदामात टाकलं असतं.

मी म्हणालो, "मी त्याचा चाचा. गफूर."

नसरुद्दीन हसला. "देर कर दी, चाचा. भाई आपका आपसे तेज है."

"बचपन से," मी म्हणालो.

"मगर रोता बहुत है."

"हो. ते पण लहानपणापासून."

त्याने मला चहा मागवला. मी प्यालो नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर ट्रकांची रांग होती.

मग एकेक सुचत गेलं. कंपनीचं नाव, जुबैलचं ऑफिस, हे मी तुलाच लिहिलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. म्हणजे पत्रं मिळत होती. मिळत होती आणि वाचत होतास. आणि जुबैलहून जेद्दाला जाणारी गाडी दम्मामवरून जाते, युनिव्हर्सिटीच्या फाटकासमोरून. तू मोडक्या पायाच्या पोराला मांडीवर घेऊन माझ्या फाटकासमोरून गेलास आणि उतरला नाहीस. मी त्या वेळी आतच असणार, दुसरीकडे कुठे जातो मी? उतरू नये असं वाटलं, की नाक्यांची भीती, की त्याला जागचं हलवायचं नव्हतं, ते तुझं तुला माहीत. विचारत नाही.

सिव्हिल हॉस्पिटलला जाऊ नकोस, तिथे इकामा मागतील. शरफियाच्या बाजूला केरळचा एक हाडवैद्य आहे असं इथले मल्याळी सांगतात. पाय उशीवर ठेव. त्याच्या ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला बसून बोल. आणि नाव बदलून राहणं सोपं नसतं, लक्षात ठेव. कोणी अचानक इसहाक म्हणून हाक मारली तर वळून बघ.

मला तिकडे यायला कागद देत नाहीत. टेलिफोन करायचा तर कोणाकडे करू? आणि जुबैलला पुन्हा जाऊन इसहाक म्हणून काही विचारता येत नाही, तिथे मी गफूर आहे. म्हणून तुलाच विचारतो. उत्तराला नाव घालू नकोस, खुशाली लिहू नकोस, एकच शब्द लिही.

तो पाय टेकतो का?